फायबर घरात आल्यावर राउटर कोणता घ्यावा?

घरगुती राउटर तीन कामे करतो. बाहेरून आलेली एकच इंटरनेट जोडणी तो घरातल्या सगळ्या फोन, टीव्ही आणि संगणकांना वाटून देतो, त्यांना वायफायने बिनतारी जोडतो आणि बाहेरच्या कोणालाही घरातल्या यंत्रांपर्यंत थेट पोचू देत नाही. बाजारात हा डबा हजार रुपयांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत मिळतो. एवढ्या फरकात नेमके काय विकत मिळते आणि साध्या घराला त्यातले किती उपयोगी पडते, हे कळले की खर्च आटोक्यात राहतो आणि नेटही नीट चालते.

पुणे जिल्ह्यातल्या विंझरसारख्या गावात हा हिशेब शहरापेक्षा वेगळा मांडावा लागतो. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव पूर्वीच्या वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात येते. एका बाजूला राजगड, दुसऱ्या बाजूला १,४०३ मीटर उंचीचा तोरणा आणि मधे खोरे. अशा डोंगराळ भागात मोबाइलची रेंज एका वळणावर भरभरून मिळते आणि पुढच्या वळणावर नाहीशी होते. २०२०च्या टाळेबंदीत ‘शाळा बंद, शिक्षण सुरू’ असे ठरले, तेव्हा डोंगराआडच्या गावांना ही अडचण चांगलीच जाणवली. पुढे गरजा वाढतच गेल्या. डिजिटल सातबारा, परीक्षांचे अर्ज, बँकेचे व्यवहार, मुलांचे ऑनलाइन क्लास आणि पुण्यातल्या कंपनीचे घरून काम, सगळ्यांना भरवशाचे नेट लागते. राजगडाचा समावेश जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात झाला. गडावर येणाऱ्यांची राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या घरांना यूपीआयचे पैसे घेण्यासाठी आणि पाहुण्यांना वायफाय देण्यासाठीही नेट हवे असते.

वेग कुठे अडतो?

नेटचा वेग साखळीने येतो. आधी कंपनीचा प्लॅन, मग रस्त्याकडेने खांबांवरून आलेली फायबर केबल, फायबर ज्यात येते तो घरातला ओएनटी नावाचा डबा, राउटरचे पोर्ट, वायफाय आणि शेवटी हातातला फोन. यातली सर्वांत अरुंद कडी ठरवते तेवढाच वेग मिळतो. ४० एमबीपीएसच्या प्लॅनला दहा हजारांचा राउटर लावला तरी ४०चे ५० होत नाहीत. उलट २०० एमबीपीएसचे पैसे भरून हजार रुपयांचा जुन्या धाटणीचा राउटर लावला, तर निम्म्याहून अधिक वेग त्या डब्यातच अडतो. म्हणून राउटर घेण्याआधी अडचण कोणत्या कडीत आहे ते शोधावे.

शोधण्याची रीत सोपी आहे. लॅपटॉप लॅन केबलने थेट कंपनीच्या डब्याला जोडून वेग मोजावा. मग तसाच केबलने राउटरला जोडून मोजावा. त्यानंतर केबल काढून त्याच खोलीत वायफायवर आणि शेवटी घराच्या टोकाच्या खोलीत मोजावा. आकडा ज्या पायरीवर एकदम खाली येतो, दोष तिथे असतो. पहिल्याच पायरीवर वेग कमी असेल, तर राउटर बदलून उपयोग नाही. तक्रार कंपनीकडे करावी. शेवटच्या पायरीवर कमी होत असेल, तर बहुधा राउटरची जागा चुकलेली असते, आणि ती बदलायला पैसे पडत नाहीत.

मोजताना एक घोळ टाळावा. प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर फाइल उतरवताना संगणक बहुधा मेगाबाइट दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला साधारण १२ मेगाबाइट उतरले, तर वेग पुरेपूर मिळतो आहे.

घराला वेग लागतो तरी किती?

फुल एचडी चित्रपटाला सुमारे ५ एमबीपीएस पुरतात. फोर-के चित्राला १५ ते २५ लागतात. चांगला व्हिडिओ कॉल ३-४मध्ये होतो. घरात एक जण मीटिंगमध्ये, एक मूल क्लासला, टीव्हीवर मालिका आणि आजोबांच्या फोनवर कीर्तन असे एकाच वेळी चालले, तरी बेरीज २०-२५च्या पुढे जात नाही. चार-पाच माणसांच्या घराला ३० ते ५०चा प्लॅन बहुतेक वेळा पुरतो आणि मोठ्या फाइली सतत येत-जात असतील तरच १०० किंवा त्याहून अधिकाची गरज पडते. ३० एमबीपीएसचे प्लॅन महिन्याला साधारण ४०० रुपयांपासून सुरू होतात, वर १८ टक्के जीएसटी. महागडा राउटर एकदाच घ्यायचा असतो, पण गरजेपेक्षा मोठ्या प्लॅनचे पैसे दर महिन्याला जातात.

आधीचा डबा: ओएनटी

फायबरमधून प्रकाश येतो. राउटरला समजेल असा विजेचा संकेत त्यातून काढून देणाऱ्या डब्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. गावात त्यालाच ‘मोडेम’ म्हणण्याची पद्धत आहे. घरगुती फायबर जोडण्यांत जीपॉन हे तंत्र सर्रास वापरतात. त्यात केंद्राकडून येणारी सुमारे २.५ गिगाबिटची एक वाट काचेच्या स्प्लिटरने अनेक घरांत विभागली जाते.

ओएनटीवरचे दोन दिवे ओळखीचे करून घ्यावेत. ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर असेल तर प्रकाश नीट पोचतो आहे. ‘लॉस’चा तांबडा दिवा लुकलुकत असेल तर फायबर कुठेतरी तुटली, वाकली किंवा निसटली आहे, अशा वेळी राउटर बंद-चालू करण्यात वेळ घालवू नये, सरळ लाइनमनला कळवावे. पावसाळ्यात फांदी पडून किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीचा दात लागून केबल तुटते, तेव्हा हाच दिवा लागतो. लाइनमन आला की तो ‘पॉवर’ मोजतो. हा आकडा उणे असतो आणि उणे ८ ते उणे २७ या टप्प्यात चालतो. उणे १९-२० उत्तम. उणे २७च्या जवळ असेल तर जोडणी कधीही ढेपाळते. दर ३ अंकांच्या घसरणीला प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे उणे २० आणि उणे २६ यांत चौपट फरक असतो. खराब जोड किंवा भिंतीच्या कोपऱ्यावर काटकोनात मुरडलेली केबल हे घसरणीचे नेहमीचे कारण.

आता मिळणाऱ्या बऱ्याच ओएनटीमध्ये वायफायही असते. दोन खोल्यांच्या घराला तेवढे पुरले, तर वेगळा राउटर घेण्याचे कारणच उरत नाही. बीएसएनएलच्या जोडणीत ग्राहक स्वतः विकत घेतलेला ओएनटी वापरू शकतो, मात्र त्याची नोंद कंपनीच्या यंत्रणेत करून घ्यावी लागते. काही खासगी कंपन्या स्वतःचाच डबा देतात. तिथे नवा राउटर त्या डब्याच्या मागे लॅन केबलने जोडायचा. कंपनीने युजरनेम आणि पासवर्ड दिले असतील तर ते लिहून जपून ठेवावेत. राउटर बदलताना ते लागतात आणि ऐन वेळी सापडत नाहीत.

पोर्टचा सापळा

स्वस्त राउटर घेताना सर्वांत जास्त फसगत पोर्टमध्ये होते. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘३०० एमबीपीएस’ किंवा ‘१२०० एमबीपीएस’ छापलेले असते. तो वायफायचा कागदावरचा आकडा. मागच्या बाजूला केबल खोचायची जी खाच असते, ती जर १००ची असेल, तर आत येणारा वेगच ९४-९५ एमबीपीएसवर थांबतो. टीपी-लिंकचे दोन परिचित राउटर शेजारी ठेवले की फरक दिसतो. आर्चर सी५० आणि आर्चर सी६ या दोन्हींवर ‘एसी १२००’ लिहिलेले असते. पण सी५०ची पोर्ट १००ची आहेत आणि सी६ची गिगाबिट, म्हणजे १,०००ची. किमतीत फरक थोडा, क्षमतेत दहापट. प्लॅन १००पर्यंतचा असेल तर पहिला चालतो. त्यापुढचा असेल किंवा वर्ष-दोन वर्षांत होणार असेल, तर खोक्यावर ‘गिगाबिट’ हा शब्द पाहूनच घ्यावा. ‘वॅन’ (बाहेरून येणाऱ्या केबलचे) आणि ‘लॅन’ (घरातल्या यंत्रांचे) दोन्ही पोर्ट गिगाबिट असल्याची खात्री तपशिलाच्या कोष्टकात करावी.

गिगाबिट राउटर आणूनही वेग ९४वरच अडला, तर केबल पाहावी. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. गिगाबिटला आठही लागतात, १००ला चारच पुरतात. घाईत जोडणी करणारे कधी कधी चारच तारा क्लिपमध्ये बसवतात. पारदर्शक प्लास्टिकच्या क्लिपमधून तारांचे रंग मोजता येतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी आणि प्रत्येकीची पांढऱ्या पट्ट्याची जोडीदार. आठ भरल्या नाहीत तर क्लिप पुन्हा मारून घ्यावी. केबल कॅट-५ई किंवा कॅट-६ असावी आणि तांब्याची असावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण लवकर मोडते.

खोक्यावरचे आकडे

वायफायच्या पिढ्यांना २०१८पासून साधे क्रमांक मिळाले आहेत. वायफाय ४ हे २००९चे, वायफाय ५ हे २०१३चे आणि वायफाय ६ त्यानंतरचे. ‘एन ३००’, ‘एसी १२००’, ‘एएक्स १५००’ या नावांत अक्षरे पिढी सांगतात आणि आकडा राउटरच्या सगळ्या रेडिओ पट्ट्यांवरच्या वेगांची बेरीज असतो. एसी १२०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७. एकाच फोनला दोन्ही मिळून १,२०० कधीच मिळत नाहीत, आणि छापलेल्या आकड्याच्या निम्मा वेग प्रत्यक्षात मिळाला तरी तो चांगला समजतात. एएक्स १५०० मधला ‘एएक्स’ वायफाय ६चा असला, तरी या वर्गातल्या स्वस्त राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झची पट्टी बहुधा जुन्या वायफाय ४चीच असते. नवे तंत्र फक्त ५ गिगाहर्ट्झवर मिळते.

दोन पट्ट्यांचे स्वभाव वेगळे आहेत. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीत लवकर अडते. २.४ गिगाहर्ट्झ हळू, पण दूरवर जाते. पुण्यात कोथरूडच्या एखाद्या इमारतीत २.४वर शेजारपाजारचे वीस-पंचवीस राउटर एकाच वेळी बोलत असतात आणि ती पट्टी कोंदून जाते. विंझरमध्ये घरे सुटी, मधे अंगण, परसबाग आणि शेत. इथे तीच पट्टी मोकळी असते. त्यामुळे शहरात नापास ठरणारा साधा राउटर गावात चांगले काम देतो. दोन्ही पट्ट्यांचा म्हणजे ‘ड्युअल बँड’ राउटर घ्यावा. टीव्ही आणि लॅपटॉप ५वर, अंगणातला फोन आणि कॅमेरा २.४वर ठेवावा. २.४साठी चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडावे, कारण तेवढीच तीन एकमेकांवर चढत नाहीत.

अँटेना चार की सहा, यावरून राउटर निवडू नये. बाहेरच्या काठ्या जास्त म्हणजे पोच जास्त असा नियम नाही. वायफायची ताकद सरकारी नियमांनी मर्यादित असते आणि परतीचा संकेत फोनच्या छोट्या अँटेनालाच पाठवायचा असतो. वायफाय ७चे राउटर घेण्याचीही घाई नको. घरातले फोन वायफाय ५ किंवा ६चे असतील, तर राउटर त्यांच्याशी त्याच भाषेत बोलतो.

भिंत, पत्रा आणि पाऊस

जुन्या घरांच्या दगड-मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. अशा दोन भिंती आड आल्या की ५ गिगाहर्ट्झचा जीव जातो. पाणी या लहरी शोषून घेते, म्हणून पावसाळ्यात ओल धरलेली भिंत उन्हाळ्यातल्या कोरड्या भिंतीपेक्षा जास्त अडवते. लोखंडी पत्रा तर लहरी परतवूनच लावतो. पत्र्याच्या आडोशापलीकडे किंवा लोखंडी कपाटामागे ठेवलेला राउटर महाग असला तरी निरुपयोगी. स्लॅबमधल्या सळ्यांनीही वरच्या मजल्यावरचा वेग घटतो.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय जोडणीच्या दिवशीच करता येतो. फायबरवाला केबल दारातून आत घेतो आणि पहिल्याच भिंतीवर डबा ठोकून मोकळा होतो. त्याला आधीच सांगून केबल माजघरात, घराच्या मध्यावर आणून घ्यावी. चार-सहा मीटर जादा फायबरला फार पैसे पडत नाहीत, आणि तेवढ्याने दुसऱ्या राउटरचा खर्च अनेकदा वाचतो. डबा छातीएवढ्या उंचीवर, उघडा, टीव्हीच्या मागे नाही असा ठेवावा.

घर लांबलचक असेल, तर वायफायचा संकेत पुन्हा पसरवणारे ‘रिपीटर’ घेण्याऐवजी लॅन केबल ओढून टोकाला दुसरा साधा राउटर लावावा. रिपीटर एकाच पट्टीवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. केबलवरच्या दुसऱ्या राउटरला ही अडचण नाही. त्याला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाकले की झाले. घरात पडून असलेला जुना राउटरही या कामाला चालतो. मात्र गोठा किंवा अंगणापलीकडचे दुसरे घर जोडायचे असेल, तर उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नये. वळवाच्या पावसात जवळपास वीज कोसळली की अशा तारेतून झटका येऊन दोन्हीकडची यंत्रे जळतात. तिथे फायबर आणि दोन टोकांना प्रकाशाचा लॅन केबलसाठी विजेचा संकेत करणारे दोन मीडिया कन्व्हर्टर हा सुरक्षित मार्ग. काचेतून वीज वाहत नाही.

वीज गेली तर?

लाइट गेली की ओएनटी आणि राउटर दोन्ही बंद पडतात. घराच्या इन्व्हर्टरवर त्यांचे प्लग घेता येत असतील तर प्रश्न मिटला. नाहीतर राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस घ्यावा. तो विकत घेताना हिशेब असा करायचा: आत २,००० एमएएचच्या, ३.७ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या असतील तर साठा २२ वॉट-तासांचा. ओएनटी आणि राउटर मिळून १०-११ वॉट खातात. कागदावर दोन तास, प्रत्यक्षात गळती धरून दीड तासाच्या आसपास.

जोडण्याआधी दोन्ही ॲडॉप्टरवरचे व्होल्ट वाचावेत. बरेच ओएनटी १२ व्होल्टचे आणि काही लहान राउटर ९ व्होल्टचे असतात. ९च्या राउटरला १२ दिले तर तो जळू शकतो. वीज येता-जाता होणाऱ्या चढउतारांत सर्वांत आधी मरतो तो ॲडॉप्टर. नवा घेताना व्होल्ट तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि बीआयएसची खूण असलेला घ्यावा. गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवणे हा जुना उपाय आजही सर्वांत खात्रीचा आहे.

सुरक्षितता

राउटर हे घराचे दार आहे आणि कारखान्यातून येताना बऱ्याचदा सगळ्या दारांची किल्ली एकच असते. २०१६मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने असे न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या आधारे मोठमोठी संकेतस्थळे बंद पाडली. म्हणून राउटर लावताना पहिल्याच दिवशी त्याच्या सेटिंगचा पासवर्ड बदलावा. वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए २ किंवा ३वर ठेवावी, बटण दाबून जोडण्याची (डब्ल्यूपीएस) आणि बाहेरून नियंत्रणाची सोय बंद करावी. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ वेगळे काढावे. राहायला आलेल्या प्रवाशांना घरचा मुख्य पासवर्ड देण्याची गरज राहत नाही.

राउटरच्या फर्मवेअरला, म्हणजे आतल्या प्रणालीला, कंपनी किती वर्षे सुधारणा देते, हे किमतीइतकेच महत्त्वाचे. म्हणून अनोळखी नावाचा सर्वांत स्वस्त डबा टाळून टीपी-लिंक, डी-लिंक, टेंडा अशा सेवा देणाऱ्या कंपन्यांचा घ्यावा. ज्यांना तंत्राची आवड आहे, त्यांच्यासाठी ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत, खुली प्रणाली आहे. लिंक्सिस कंपनीने २००३मध्ये आपल्या एका राउटरचा कोड खुला केला आणि त्यातून हा प्रकल्प उभा राहिला. कंपनीने सोडून दिलेल्या जुन्या राउटरला या प्रणालीमुळे आणखी काही वर्षे सुरक्षित आयुष्य मिळते. मात्र ते नेमके मॉडेल प्रकल्पाच्या यादीत आहे का, हे आधी पाहावे.

किती खर्च करावा?

दोन-तीन खोल्यांचे घर आणि ५०पर्यंतचा प्लॅन असेल तर ओएनटीचे वायफाय आधी वापरून पाहावे. ते पुरले तर खर्च शून्य. न पुरल्यास दीड हजारांच्या आसपासचा ड्युअल बँड राउटर पुरे. १०० ते ३००चा प्लॅन आणि आठ-दहा यंत्रे असतील तर दोन-अडीच हजारांतला गिगाबिट पोर्टचा वायफाय ५ राउटर किंवा त्याहून थोडा महाग वायफाय ६चा राउटर घ्यावा. वाडा, दुमजली घर किंवा पाहुण्यांच्या खोल्या असतील तर एकच महागडा राउटर घेण्यापेक्षा दोन साधे गिगाबिट राउटर आणि मधे केबल, हे किमतीला आणि कामाला दोन्हीकडे सरस. बाजारभाव वर-खाली होतात, पण हा क्रम बदलत नाही.

खरेदी करताना बिल आणि हमीपत्र घ्यावे, परत देण्याची मुदत विचारावी. त्या मुदतीत वर सांगितलेली चार पायऱ्यांची मोजणी नव्या राउटरवर करावी. टोकाच्या खोलीत वेग पुरेसा असेल तर राउटर ठेवावा. नसेल तर आधी जागा बदलून पाहावी, मग केबल तपासावी आणि तरीही फरक पडला नाही, तरच तो परत करून दुसरा घ्यावा.